भिंतींच्या आधीची चौकट

बालाघाट
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मैनाबाईंना,
अंजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुमचं धान घरात आलं असेल आणि मजुरांवर ओरडून तुम्ही घसा बसवून घेतला असेल, असा अंदाज करते. परवा मी फोन केला होता. इतक्या जोरात बोलले की माझी दाढ दुखते हे सगळ्या गल्लीला कळलं, एका तुम्हालाच ऐकू आलं नाही. तुम्ही हौ हौ म्हणत राहिल्या आणि शेवटी विचारलं की कोन बोलून राह्यलं. तेव्हा आता पत्रच बरं. पत्रात ओरडावं लागत नाही.

दाढ बरी आहे. बातमी दुसरी आहे. माझे घरमालक बायकोला घेऊन आले, चहा प्यायले, थंडीबद्दल बोलले, पुन्हा थंडीबद्दल बोलले. शेवटी बायकोने त्यांना चिमटा काढला तेव्हा म्हणाले की मुलाचं लग्न वैशाखात ठरलं आहे आणि नव्या जोडप्याला माझी खोली लागेल. मी म्हटलं, भाऊ, खोली तुमचीच आहे, संकोच कशाला. त्यांना इतकं बरं वाटलं की आणखी एक कप चहा प्यायले.

महेंद्रला कळवलं. तो म्हणाला की आई, आता काही विचार करू नको, सामान बांध आणि रायपूरला ये. सुनेने, प्रियंकाने, माझ्यासाठी कपाटातला एक कप्पासुद्धा रिकामा केला आहे. मुलं चांगली आहेत, बाई, त्यात शंका नाही. पण घर चौथ्या मजल्यावर. मागे राहून आले तेव्हा माझ्या पायांना मातीच लागली नाही. खाली उतरले तर वॉचमन विचारायचा की माताजी, कुणाकडे आलात.

म्हणून मी ठरवलं आहे की तुमच्या भावाने घेऊन ठेवलेल्या जागेवर घर बांधायचं. छोटं. माझ्यापुरतं. तुम्हाला ती जागा आठवत असेल, प्रेमलालभाऊंचं घर आणि नाली यांच्यामधली पट्टी, जिथे लोक बकऱ्या बांधतात. नकाशा काढून नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी विवेक नावाच्या मुलाकडे गेले. रामपायलीचा आहे, बस स्टँडजवळ त्याचं नक्शाचं दुकान आहे. तो सांगत गेला की समोर इतकी जागा सोडायची, मागे इतकी, नालीकडून इतकी, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटरवर एक रेघ मारत गेला. दर रेघेला माझं घर बारीक होत गेलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाला की आजी, तुम्ही कुशीवर झोपता का. मी म्हटलं, पाठीवर झोपते, त्या मापानं काढ.

आणखी एक गंमत. खोली ठरावीक मापापेक्षा लहान असली तर तिला नियमात खोली म्हणत नाहीत. सामानाची कोठडी म्हणता येतं, पण कोठडीत माणसाने राहायचं नाही. म्हणजे मी तिथे राहिले तर मला सामानात धरावं लागेल. विवेक हसला आणि नियमांचं हिंदी पुस्तक मला वाचायला दिलं. रोज थोडं वाचते. त्यात एकही माणूस नाही, नुसत्या भिंती आणि जिने. तरी वाचवतं.

आता मागणं. तुमच्या गायींच्या कोठ्यात तुमच्या भावाने केलेली दाराची सागवानी चौकट पडली आहे. ती याच जागेसाठी केली होती. पाठवाल का?

माया आहे तेवढी राहू द्या, वाढली तर मला जड होणार नाही.
तुमची भावजय,
अंजना


खैरलांजी
२३ नोव्हेंबर २०२४

चि. अंजनाले मैनाबाईचे आशीर्वाद अन् जयभीम.

तुहं पत्र भेटलं. तू लिवते तं असं वाटते का पुस्तकातली बाई बोलून राह्यली. सातवी पास मी, अन् तू माह्या भावाच्या, वसंताच्या डब्याले गुंडाळलेल्या पेपरावर वाचाले शिकली, तरी अक्षर तुहंच चांगलं. हे काही बरोबर नाई.

अंजना, तुले वेड लागलं का वं? बैलगाडीएवढ्या जागेत घर बांधते म्हनते. इथं माह्या घरी दोन खोल्या रिकाम्या पडून हायेत, एकीत कांदे अन् एकीत उंदरं. ये ना इकडं. दोघी बुढ्या राहू, भांडू, मंग जेवू. मले ऐकू येत नाई तं भांडनात तुहाच फायदा हाये. रायपूरले नाई जात तं नको जाऊ, पर एकटी काहून राहाते? तुले ताप आला तं पानी कोन देईन?

माहीत हाये मले, तू आयकत नाई. वसंता बी आयके नाई. तुमी दोघं सारखेच होते, म्हनून तं तुमचं पटलं.

चौकट कोठ्यात हाये. कोंबड्या तिच्यावर बसतात, म्हनून मी रोज पुसते. कोंबड्या तं बहानाच हाये, अंजना. त्याच्या हातची तेवढीच वस्तू हाये माह्याजवळ. खिळा नाई मारला त्यानं तिच्यात एक बी. खाणीत सुतारकी करत, दुसऱ्यायचे दरवाजे बसवत जनम गेला पोराचा, अन् सोताच्या घराची चौकट केली तं घर राह्यलं.

पाठवते. आपल्या गावच्या महागूची पिकअप धान घेऊन बालाघाटले येऊन राह्यली पुढच्या महिन्यात, तिच्यात टाकून देते. पर माहं एक आयक. आपल्याकडं पयले चौकट उभी होते, मंग भिंती येतात. माह्या बापानं, आबानं तसंच केलं, वसंतानं माह्या घराले बी तसंच केलं. बांबूचा टेका देऊन उभी करजो, फुलं लावजो, वंदना घेजो. तुहे कागद मागून येत राहातीन. अन् एक डाव उभी केली का आडवी करायची नाई. आडवं फक्त गेलेल्या मानसाले करतात. त्याले मी आडवं पाह्यलं, त्याच्या चौकटीले पाहायचं नाई मले.

चिन्नोर तांदूळ बी पाठवते. शेजारनीले वाटत बसू नको, तूच खायजो.

रागावली असली तरी तुहीच,
मैनाबाई


बालाघाट
१८ डिसेंबर २०२४

ती. स्व. मैनाबाईंना,
अंजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

चौकट पोचली, तांदूळ पोचले, आणि चौकटीखाली गोणपाटात शिरून बसलेली कोंबडीसुद्धा पोचली. महागू शपथ घेऊन सांगतो की ती तुम्ही पाठवली नाही, तीच आपल्या मनाने आली. तिला परत पाठवू का ते कळवा. सध्या ती अंडी देते आहे, म्हणून मी घाई केलेली नाही.

पौर्णिमेला चौकट उभी केली. तुम्ही सांगितलं तशीच, भिंतींच्या आधी. विवेक म्हणत होता की आजी, परवानगी हातात येईपर्यंत थांबा. मी त्याला म्हटलं की माझी नणंद खैरलांजीला आहे आणि ती तुझ्या नगरपालिकेपेक्षा मोठी आहे. महागूने दोन खळगे केले, दगड ठोकले, मागेपुढे बांबूचे टेके दिले. गल्लीतल्या बायकांनी झेंडूची माळ आणली. वंदना घेतली, खीर केली.

आता एक मोकळी पट्टी, आणि तिच्यात नुसता एक दरवाजा. आजूबाजूला काही नाही. तरी सांगते, बाई, ज्या बायका रोज तिथून आडव्यातिडव्या जायच्या, त्या त्या दिवसापासून चौकटीतूनच आत येतात. आत म्हणजे कुठे, ते त्यांनाही सांगता येणार नाही. एक तर चपला बाहेर काढून आली. आत आल्यावर सगळ्या मातीवर बसतात आणि इथे चूल, इथे खाट, असं माझं घर लावून देतात. माझी खाट आतापर्यंत चार दिशांना फिरली आहे.

सगळ्या गेल्यावर मी एकटी चौकटीतून आत गेले. मग बाहेर आले. पुन्हा आत गेले. त्यांनी केलेल्या दारातून त्यांच्याशिवाय जायचं होतं, तर सवय करून घेतली. रडले नाही. लाकडावर हात फिरवला तेव्हा मात्र रंध्याचा एक खरखरीत ठिपका लागला. त्यांच्या हातून कधी असं राहत नसे. शेवटच्या आजारात दम लागत होता तेव्हाचं काम असेल.

फाइल ऑफिसात गेली आहे. खोलीच्या मापावर अजून गाडी अडली आहे. दोन कोठड्या होतात, एकही खोली होत नाही.

कोंबडीसह नमस्कार स्वीकारावा.
तुमची,
अंजना


बालाघाट
२० जानेवारी २०२५

ती. स्व. मैनाबाईंना,
अंजनाचा जयभीम. वि. वि.

ही बातमी चांगली नाही. आधी पाणी पिऊन घ्या, मग वाचा.

कुणीतरी तक्रार केली की अंजनाबाईने परवानगीशिवाय बांधकाम सुरू केलं. कुणी ते पुढे लिहिते. ऑफिसातून एक साहेब पाहायला आले. तरुण आहेत, बोलणं गोड. मोटारसायकलवरून उतरून सरळ पट्टीत शिरू लागले तर बायका ओरडल्या की साहेब, भिंतीतून काय येता, दरवाजा तिकडे आहे. बिचारे वळून चौकटीतून आले. येताना मानही थोडी खाली घातली. मग चौकटीमागे मकान शोधलं. म्हणाले की माताजी, मकान कुठे आहे. मी म्हटलं की यायचं आहे. ते म्हणाले की मग हे काय आहे. मी म्हटलं की ते ज्यातून येईल ते.

हसले खरे. पण टेप लावला आणि हसू गेलं. चौकट नेमकी त्या जागेत उभी आहे जी समोर मोकळी सोडायची आहे. एक तर परवानगीच्या आधी, त्यात मोकळ्या जागेत. दोन दिवसांनी नोटीस आली. महाशिवरात्रीच्या आधी चौकट तिथून काढायची, नाहीतर फाइल बंद. फाइल बंद झाली तर नव्याने अर्ज करायचा, आणि तोपर्यंत वैशाख येऊन माझी खोली गेलेली असेल. महेंद्रने कळल्याबरोबर सांगितलं की आई, निसर्गानेच ठरवलं समज, तिकीट काढतो. मी म्हटलं की निसर्गाने नाही, नगरपालिकेने ठरवलं आहे, आणि तिच्याशी बोलता येतं.

तक्रार प्रेमलालभाऊंची होती. त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं, डोळे खाली करून. त्यांना वाटलं की घर नालीवर येईल आणि सगळं पाणी त्यांच्या अंगणात शिरेल. मी नकाशा दाखवला. नालीकडची सोडलेली जागा पाहून म्हणाले की इतकी जागा सोडली तर मग घर कुठे आहे, वहिनी. मी बोट ठेवलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं.

बाई, महागू म्हणतो की टेके काढायचे, चौकट आडवी करायची, परवानगी आली की पुन्हा उभी करायची, सकाळचं काम आहे. मला माहीत आहे तुम्ही काय लिहिलं होतं. शकुन-अपशकुन आपण दीक्षेबरोबर सोडले, आणि तुम्ही शकुनाचं बोलल्या नव्हत्या हेही मला कळतं. म्हणून विचारल्याशिवाय हात लावणार नाही. चौकट आडवी केली नाही तर मला रायपूरला जावं लागेल. आडवी केली तर तुमच्या मनाला लागेल. माझ्याकडे तिसरं काही सुचत नाही.

उत्तर लवकर लिहा. रागाचं असलं तरी चालेल.
तुमची,
अंजना


खैरलांजी
२९ जानेवारी २०२५

अंजना,

जयभीम.

नाई.

तू घर पायजे म्हनते, मी नाई म्हनत नाई. पर ते आडवं करायचं माह्याच्यानं सांगनं होत नाई. तू विचारलं काहून? विचारलं नसतं अन् करून टाकलं असतं तं मी चार दिवस रागावली असती, मंग पापड पाठवले असते.

आता काही लिवत नाई. कोंबडी तिकडंच ठेव.

मैनाबाई


बालाघाट
१९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मैनाबाईंना,
अंजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही सोमवारच्या दुपारच्या बसने गेल्या, आणि तेव्हापासून इथे गल्लीत दुसरा विषय नाही. आता काही लिवत नाई म्हणून लिहिलं होतं, ते खरंच, लिहिलं नाही, सरळ आल्या. मी भाजी चिरत होते आणि पाहते तर तुम्ही पिशवी घेऊन दारात, गुडघा धरून, आणि पहिलं वाक्य काय, तर कोंबडी वाळली हाये.

तुम्ही तिथे होत्या, सगळं तुमच्याच हातून झालं, तरी ते मी लिहिणार आहे. कारण बाई, तुम्हाला ऐकू काहीच आलं नाही, आणि अर्धी मजा ऐकण्याची होती.

तुम्ही चौकटीभोवती फिरल्या आणि महागूला म्हणाल्या की आडवी करायची नाई म्हनलं, हालवायची नाई असं कोन म्हनलं. उभीच उचला, मांग न्या. तेव्हा महागू माझ्या कानात म्हणाला की मावशी वेडी झाली. मग त्याने बांबू आडवे बांधले, चौकटीच्या दोन्ही पायांना, पालखीला बांधतात तसे. प्रेमलालभाऊ बोलावल्याशिवाय आले आणि पुढच्या बांबूखाली खांदा दिला. ते सारखं पुटपुटत होते की चूक माझी, वजन मीच घेतो. तुम्ही त्यांच्या पाठीत थाप मारून म्हणाल्या की बडबड कमी कर. त्यांना वाटलं तुम्ही माफ केलं. मी काही सांगितलं नाही.

नेमके तेव्हाच साहेब आले. चौकट काढली का ते पाहायला आले होते. ते म्हणाले की रुको, हे काय चाललं आहे. तुम्ही म्हणाल्या, हौ हौ. ते म्हणाले की जागेची चौकशी चालू आहे, वस्तू हलवण्याआधी ऑफिसला कळवायला हवं होतं. तुम्ही म्हणाल्या, बरं झालं आला, मांगच्या कोपऱ्यात मानूस कमी हाये. आणि बांबूचं टोक त्यांच्या खांद्यावर ठेवलं! ते म्हणत होते की माताजी, मी शासकीय कामावर आहे. तुम्ही म्हणत होत्या, वाकू नको, कंबर धरीन.

मग ती निघाली. बाई, मी इतक्या चौकटी पाहिल्या, चालताना एकही नाही. उभीच्या उभी, अंगावर त्या दिवशीची वाळलेली झेंडूची माळ, आणि तुम्ही पुढे तोंड करून एक हात लाकडावर ठेवून, लहान पोराला चालवतात तशा. बायका बाजूला सरकल्या. साहेब पहिली काही पावलं तक्रार करत होते. नंतर त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा झाला, आहिस्ता, आहिस्ता, बाएँ वाले नीचे करो. मोकळ्या जागेची रेघ त्यांनीच पायाने मातीत ओढली, आणि चौकट त्या रेघेच्या मागे ठेवली. टेके दिले. आडवी झाली नाही. तिरपीसुद्धा झाली नाही.

तुम्ही लगेच म्हणाल्या की बस सुटंन, आणि गेल्या. पुढचं आता ऐका.

साहेब शर्ट झटकून पुढे गेले, जिथे चौकट आधी उभी होती. तिथे दोन खळगे आणि चार दगड. सिमेंट नाही, पाया नाही. त्या खळग्यांकडे पाहिलं, खांदा चोळला आणि म्हणाले की जी वस्तू स्वतः उठून चालत गेली तिला मी बांधकाम कसं लिहू. मी म्हटलं, साहेब, स्वतः नाही, तुम्हीही होता. ते म्हणाले की ते लिहायचं नाही, माताजी. मग मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं की मौके पर कोई निर्माण नहीं पाया गया, सामान रखा हुआ है. म्हणजे आम्ही अजून सामानच आहोत, पण नोटीस मिटली आणि फाइल उघडी राहिली.

आता चौकट रेघेच्याही हातभर मागे बसली, म्हणून घर नकाशापेक्षा आणखी आखूड झालं. विवेक डोकं धरून बसला होता. मी त्याला म्हटलं की मधली भिंतच काढून टाक. वेगळं स्वयंपाकघर नको. मी एकटी, भाजी फोडणीला टाकून पलीकडच्या खोलीत कुणाला सांगायला जाणार आहे. त्याने भिंत पुसली आणि ओरडला की आजी, खोली झाली! दोन कोठड्यांची मिळून एक खोली झाली, नियमाच्या मापात बसणारी. मागे न्हाणी-संडास. संपलं घर.

समोर बसायला छपरी हवी होती, पण मोकळ्या जागेवर छप्पर चालत नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले की छप्पर नको, आभाळ असू द्या. बरं, असू दिलं.

गुडघ्याला महुआचं तेल लावत जा. आणि न लिहिता अशाच येत जा.
तुमची,
अंजना


खैरलांजी
११ एप्रिल २०२५

चि. अंजनाले मैनाबाईचे लय लय आशीर्वाद. जयभीम.

महागूनं मोबाईलवर फोटो दाखवला. तू परमिशनचा कागद छातीशी धरून उभी हाये अन् मांगं भिंती आल्या कमरेएवढ्या. कागद उलटा धरला हाये तू. येवढी वाचनारी बाई अन् हे काय?

तुहं पत्र मी साऱ्या गावाले वाचून दाखवलं. बाजारात गेली का लोक म्हनतात, मैनाबाई, त्या साहेबाले बांबू कसा देल्ला ते सांगा. मी सांगते. दर डाव साहेब थोडा मोठा होत जाते. आता तो कलेक्टर झाला हाये.

अंजना, एक लिवते. तुह्या त्या जानेवारीच्या पत्रावर मी काहून येवढी रागावली होती, मलेच समजत नोतं. कोठ्यात गेली, चौकट ठेवली होती ती जागा रिकामी. तिथं उभी राह्यली तं समजलं का राग तुह्यावर नाई, अन् नगरपालिकेवर बी नाई. वसंतावर हाये. तो लहान होता ना माह्याहून. मी त्याले कडेवर घेऊन पान्याले जाये. आधी जायचा नंबर माहा होता, अन् तो पुढं घुसला. लहानपनी बी असाच रांगेत घुसे. त्याले खूप बोलली मी तिथं, मोठ्यानं. गायी पाहून राह्यल्या होत्या. मंग बस पकडली.

बुद्धपौर्णिमेले घरात जाशीन म्हनते, तं मले येनं होईन का नाई सांगता येत नाई. डाक्टर म्हनते गुडघ्याले आराम द्या. त्याच्या बी खांद्यावर बांबू ठेवाले पायजे. नाई आली तं सारं लिवजो, काहीच सोडू नको. अन् मले एक सांग, तुह्या घरात मी आली तं झोपू कुठं?

तुही,
मैनाबाई


बालाघाट
१६ मे २०२५

ती. स्व. मैनाबाईंना,
अंजनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

गाव तेच, पण हे पत्र माझ्या घरातून लिहिते आहे.

बुद्धपौर्णिमेला घरात आले. तुमची वाट पाहिली, मग तुमच्या नावाची खीर बाजूला काढून ठेवली, मग उन्हाळा आहे म्हणून तीही आम्हीच खाल्ली. भन्तेजी आले होते. सगळे एकदम आत बसू शकले नाहीत, म्हणून वंदना दोन वेळा झाली, एक आतल्यांची, एक बाहेरच्यांची. बाहेरचे म्हणाले की आमची जास्त चांगली झाली, वारा होता. साहेबसुद्धा आले. मी म्हटलं की तपासणी का, तर म्हणाले की सुट्टी आहे, आज पाहुणा. चौकटीतून आत आले आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांना आता सवयच झाली आहे. प्रेमलालभाऊंनी नालीवर टाकायला एक शहाबादी फरशी आणली, स्वतःच्या अंगणातली काढून.

महेंद्र रायपूरहून तीन दिवस आधी आला. खरं सांगते, तो मला घेऊन जायलाच आला होता. घर पाहून मी आपोआप घाबरेन आणि सामान बांधेन, असं त्याला वाटलं असावं. आल्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, आणि घर संपलं. म्हणाला की आई, आमचा हॉलसुद्धा यापेक्षा मोठा आहे. मी म्हटलं की असेल बाबा, झाडायलाही तितकाच लागत असेल. दुपारी जेवून तो जमिनीवर आडवा झाला. वडिलांसारखा उंच आहे. डोकं चुलीपाशी आणि पाय उंबऱ्याबाहेर, थेट मोकळ्या जागेत. मी नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. मोकळ्या जागेत काय काय ठेवता येत नाही त्याची यादी आहे, पाय त्यात नाहीत. त्याला वाचून दाखवलं तर इतका हसला की प्रेमलालभाऊ काय झालं म्हणून धावत आले.

मग त्याने तसंच पडून छताकडे पाहिलं. आणि म्हणाला की आई, इथे तुला बरं वाटेल. बस, एवढंच. तिकीट त्याने एकाचंच काढलं.

तुम्ही विचारलं होतं की एकटी काहून राहाते. तेव्हा उत्तर नव्हतं, आता थोडं आहे. खाणीच्या क्वार्टरमध्ये तीन खोल्या होत्या. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात असले की वाटायचं ते बाहेरच्या खोलीत असतील, बाहेर गेले की वाटायचं मागे असतील. दिवसभर मी त्यांच्यामागे हिंडायची, आणि ते नेहमी पलीकडच्या खोलीत. भाड्याच्या खोलीत आले तरी पलीकडे घरमालकाचा आवाज यायचा आणि मी चपापायची. या घराला पलीकडची खोली नाही. आता मी शोधायला उठत नाही. इथेच असतील. काम करते, वाचते, अधूनमधून त्यांच्याशी बोलते. तुमच्यासारखं ओरडून नाही, साधंच.

तुम्ही कुठे झोपाल ते मोजून पाहिलं आहे. खाटेवर तुम्ही, खाली मी. कोंबडी बाहेर. रात्री तुम्हाला पाणी लागलं तर उठावं लागणार नाही, हात लांब केला की माठ. आणि मला कधी ताप आला तर तुम्हाला खैरलांजीहून यायला वेळ लागेल, पण प्रेमलालभाऊंची बायको भिंतीला भिंत लावून आहे. तिने सांगून ठेवलं आहे की वहिनी, तुमच्या घरात खोकलं तरी आमच्या घरात ऐकू येते.

गुडघा बरा झाला की या. पाऊस लागायच्या आत या. मोकळ्या जागेत खाट टाकू, साहेबांनी ठेवू दिलेलं आभाळ आहेच. तुम्ही तुमच्या भावाला जे काही बोलायचं राहिलं असेल ते तिथे बोलून घ्या. गायी नाहीत, कुणी पाहणार नाही. मीही आत जाऊन बसेन, पण घर लहान आहे, मला सगळं ऐकू येईल.

माया कमी करू नका, जागा मी करते.
तुमची भावजय,
अंजना